दिराची खोली

एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपसाठी मला परळचं केंद्र मिळालं, तेव्हा माझा हिरमोड झाला होता. वर्गातल्या मुलींना कोर्ट मिळालं, तुरुंग मिळाला, एकीला थेट गडचिरोली. मला मात्र घरातून चालत जाता येईल अशी जागा. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहतो, आजोबा गिरणीत होते तेव्हापासून. आई म्हणाली, "बरं झालं, दुपारी जेवायला घरी येशील." जेवायला मी क्वचितच गेले.

केंद्र म्हणजे बंद पडलेल्या एका शाळेचा तळमजला. दोन वर्ग आणि मधे व्हरांडा. सकाळी आसपासच्या चाळींतली म्हातारी माणसं येत. ब्लडप्रेशर तपासायचं, गुडघ्यांचे व्यायाम करायचे, पेपर वाचायचा. दुपारनंतर निर्वासित येत. अफगाण, सोमाली, येमेनमधली काही कुटुंबं. त्यांचे हिंदीचे वर्ग, कागदपत्रांची कामं, मुलांच्या शाळाप्रवेशाच्या खटपटी. मधल्या सुट्टीत एक गट निघायचा आणि दुसरा यायचा. व्हरांड्यात दोघांची गाठ पडे, पण कोणी कोणाशी बोलत नसे. सकाळच्या गटातले एक गृहस्थ जाताना न चुकता पंखे बंद करून जायचे, आत पुढची माणसं येऊन बसलेली असली तरी.

केंद्र चालवणाऱ्या मॅडम दादरच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "इथे कोणाला 'करते' म्हणायचं नाही. 'बघते' म्हणायचं."

माझ्याकडे आलेलं पहिलं काम म्हणजे अफगाणिस्तानातल्या हेरातहून आलेले एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची लेक. ते दोघं हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आले होते. ऑपरेशन चांगलं झालं, आणि ते अजून वॉर्डात असतानाच तिकडे सरकार पडलं. लेक हेरातला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. ती शाळा बंद झाली. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या बाया एकेक करून इराणला गेल्या किंवा घरात बसल्या. भावाने फोन करून सांगितलं, येऊ नकोस. नंतर भावाचाही फोन लागेनासा झाला. व्हिसा संपला. त्यातच वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ती त्यांना बाबाजान म्हणायची, म्हणून आम्हीही बाबाजान म्हणू लागलो. तिला मात्र केंद्रात सगळे "त्यांची लेक" असंच म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

ती तिशीतली होती. उंच, कपाळावर कायम आठी. हिंदी तिला येत होतं, ते सिरियली बघून शिकलेलं, त्यामुळे साध्या गोष्टीही ती जरा नाटकी शब्दांत बोलायची. "डॉक्टरसाहेबने हमें धोखा दिया" म्हणजे डॉक्टर आज आले नाहीत.

दोघं हॉस्पिटलजवळच्या एका धर्मशाळेत राहत होते. ती फक्त उपचार चालू असलेल्या पेशंटांसाठी. उपचार संपले, जागा सोडा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मी खोली शोधायची होती.

चिंचपोकळी, काळाचौकी, शिवडी, सगळीकडे फिरले. एजंट आधी उत्साहाने विचारायचे, फॅमिली आहे का. आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, कुठली. अफगाणिस्तान म्हटलं की खोली त्याच क्षणी दुसऱ्या कोणाला तरी दिलेली असायची. एकाने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुमचं आडनाव काय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तुमच्या बाजूला बघा ना कुठे." माझ्या वडिलांनी लग्नानंतर दादरला खोली शोधून बघितली होती. तेव्हाचे किस्से ते हसत हसत सांगतात. आई त्यातले काही सांगते तेव्हा हसत नाही. त्यामुळे एजंटाचं बोलणं मला नवीन नव्हतं. नवीन हे होतं, की आता मी दुसऱ्यासाठी दारं वाजवत होते.

मावशी सकाळच्या गटातली. सत्तरीला टेकलेली, मालवणाकडची, गिरणी कामगाराची विधवा, लालबागच्या एका जुन्या चाळीत एकटी राहणारी. मुलगा, सून, नातवंडं बदलापूरला. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. व्यायाम झाला तरी ती लगेच उठत नसे, गुडघ्यांवर शेकायची पिशवी ठेवून सुट्टीभर व्हरांड्यात बसून राहायची. ओळख झाली त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "तुमचो गाव खंयचो?" मी म्हटलं, "रत्नागिरी." "रत्नागिरीत खंय?" मी गाव सांगितलं, वाडीही सांगितली. तिला जे कळायचं ते कळलं. पुढे तिच्या घरी गेले तेव्हा तिने मला सगळ्यांच्याच कपांतला एक कप दिला. ते माझ्या लक्षात आलं, आणि अजून हे आपल्या लक्षात येतं याचा मला राग आला.

एका दुपारी लेक बाबाजानना व्हीलचेअरमधून घेऊन जरा लवकर आली. ती आत मॅडमशी बोलत होती. बाबाजान व्हरांड्यात मावशीच्या शेजारी. त्यांची उजवी मूठ घट्ट मिटून छातीशी आलेली असायची. फिजिओथेरपीवाल्याने हात लावला तर ते डाव्या हाताने त्याला ढकलत.

"माझ्या घोवाचो हात असोच झाल्लो," मावशी मला म्हणाली. तिच्या नवऱ्याचा. "रोज उघडूक व्हयो. नायतर मिटता तो मिटताच."

आणि कोणाला न विचारता तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. शेकायच्या पिशवीवर ठेवला. थोड्या वेळाने अंगठा सोडवला, मग एकेक बोट. बाबाजान तिच्याकडे बघत राहिले, त्यांनी तिला ढकललं नाही. लेक बाहेर आली आणि दारातच थांबली. परक्या बाईने आपल्या वडिलांचा हात मांडीवर घेतलेला तिला रुचला नसावा. ती पुढे आली, पण उघडलेला तळवा बघून बाजूला बाकावर बसली.

"ह्यांका खोली गावत नाय मां?" मावशीने मला विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू फोनवर आरडतंस. सगळ्यांका आयकाक येता."

मावशीकडे दोन खोल्या होत्या. एकीत ती राहायची. भिंतीला लागून दुसरी, तिच्या दिराची. दीर गिरणी बंद झाल्यावर गावी गेला तो तिकडेच वारला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. खोलीला कुलूप होतं आणि आत मावशीच्या मुलाचं जुनं कपाट, गणपतीचं मखर, असलं सामान. पागडीची चाळ, त्यामुळे पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी लागते. मॅडमनी मावशीला हे दोनदा समजावलं. मावशी म्हणाली, "मालक खंय असता ताच माका म्हायत नाय. पावणे म्हणान रवतीत." पाहुणे म्हणून राहतील. मॅडम म्हणाल्या, बघू. पण धर्मशाळेने दिलेली मुदत दोन दिवसांवर आली होती आणि दुसरं काहीच हाती नव्हतं. आम्ही मखर उचलून मावशीच्या पोटमाळ्यावर टाकलं, खोली धुतली आणि दोघांना आणलं.

चाळीत कुजबुज झाली. पोलिसांना कळवलं का, कुठल्या देशाचे, ह्यांच्यामागे अजून किती येणार. मॅडमनी रीतसर पोलीस ठाण्यात कळवून ठेवलं होतं. पाणी यायच्या वेळी लेक बादली घेऊन नळावर गेली की बायका गप्प होत. मावशी दारातून ओरडायची, "तेका भरूक देवा आधी, म्हाताऱ्याक न्हाणूचा असता." हळूहळू त्या तिला भरू देऊ लागल्या. मैत्री झाली नाही, सवय झाली.

मी आठवड्यातून तीन-चार वेळा जायचे. कागदपत्रांची कामं होतीच, पण खरं म्हणजे मला तिथे जायला आवडायचं. मावशी सकाळी पेज करायची, आणि आपलं आटपलं की वाटी घेऊन बाबाजानना भरवायला जायची. लेकीला वाटायचं, आपण तिला त्रास देतोय, ती वाटी मागायची. मावशी द्यायची नाही. नवऱ्याला तिने चार वर्षं अशीच पेज भरवली होती. तो गेल्यावर सकाळच्या वेळेचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं, असं ती एकदा म्हणाली.

एक दिवस ती भरवत होती, मी आणि लेक दाराशी बसलो होतो. मावशीने पुढचा चमचा नेला आणि बाबाजान म्हणाले, "बस."

झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द. लेकीच्या हातातला फोन खाली पडला. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, फारसीत भराभर काहीतरी विचारू लागली. ते परत म्हणाले, "बस."

मावशी म्हणाली, "बघ, मराठी बोललो."

लेक रडत रडत म्हणाली, "नाही मावशी, आमचा शब्द आहे. फारसी."

दोघींचा बराच वेळ वाद चालला. दोघींचंही बरोबर होतं. पुढच्या महिन्यांत त्यांना अजून दोन-तीन शब्द आले. एक लेकीचं नाव आणि एक, मावशी शपथेवर सांगायची, "पेज". मला तो कधी नीट ऐकू आला नाही.

लेकीचं मराठी झपाट्याने सुधारलं. केंद्रात मी तिला प्रमाण मराठी शिकवत होते, घरी मावशी मालवणी. मालवणीत मोठ्या माणसालाही तू म्हणतात. त्यामुळे ती सगळ्यांनाच तू म्हणू लागली. मॅडमना एकदा म्हणाली, "मॅडम, तू जेवलंस?" मॅडम गोंधळल्या, मग हसल्या. मी तिला समजावलं, मोठ्यांना तुम्ही म्हणायचं. तिने विचारलं, "आणि मावशी?" मी म्हटलं, मावशीला तू चालेल, मावशी घरातली आहे. तिने ते पाठ केल्यासारखं मान हलवून घेतलं.

हिंदमाताला एका साडीच्या दुकानात तिला काम मिळालं. मागच्या बाजूला बसून साड्यांच्या घड्या घालायच्या, लेबलं लावायची. मावशी बाबाजानजवळ असायची म्हणून ती जाऊ शकली. तिच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण एकदा मला तिने दुकानातल्या पैठणीचा रंग कसा होता हे खूप वेळ सांगितलं. त्या काळात मला तिची काळजी वाटली नाही असेही काही आठवडे होते.

मग चाळीच्या पुनर्विकासाचं घोंगडं, जे कित्येक वर्षं भिजत पडलं होतं, ते अचानक हललं. नवा बिल्डर आला. सभा झाल्या, पेढे वाटले गेले. आणि नोटीस लागली की प्रत्येक खोलीचा सर्व्हे होणार. कोण राहतं, कधीपासून राहतं, पुरावा काय. नव्या इमारतीत घर कोणाला मिळणार हे त्यावर ठरणार होतं.

मावशीचा मुलगा बदलापूरहून आला. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, थकलेला माणूस. रोज पहाटे निघून अंधेरीला कामाला जाणारा. तो ओरडला वगैरे नाही. मी तिथे असतानाच तो आईला म्हणाला, "आई, काकांच्या खोलीत परकी माणसं दिसली तर ती खोली गेली. पोटभाडेकरू ठेवला म्हणून लिहितील. आणि तुझीपण अडकवतील."

मावशी म्हणाली, "पावणे म्हणान सांगू."

"अफगाणिस्तानचे पाहुणे? आपले?" तो माझ्याकडे वळला. "तुम्हीच सांगा मॅडम. मला काही त्या लोकांचं वाईट करायचं नाही. पण मी ह्या चाळीत जन्मलो. माझी मुलं बदलापूरला वाढतायत. परत यायचा हा एकच चान्स आहे."

आमच्या चाळीतही तेच चाललं होतं. आमच्याही घरात संध्याकाळचा सगळा वेळ सर्व्हे आणि कागद यांवर जायचा, आणि कोणी आमच्या घराला धोका आणला असता तर माझे वडील काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं.

मुलगा गेला. मावशी उठून गॅसपाशी गेली. मग म्हणाली, "तू सांग तेका."

"मावशी, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला समजेल."

"माका जमूचा नाय."

मी मॅडमकडे गेले. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या मावशीच्या मुलाशी बोलल्या, चाळ कमिटीच्या एकाशी बोलल्या, बिल्डरच्या ऑफिसातही जाऊन आल्या. सगळीकडे लोक नीट बोलले आणि कोणीच काही लिहून द्यायला तयार झालं नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "खोली तू बघितली होतीस. तिचा विश्वास तुझ्यावर आहे. तूच सांग, मी नवीन जागेचं बघते." मला त्यांचा तेव्हा राग आला होता. आज वाटतं, दुसरं त्या काय करणार होत्या.

मी गेले ती रविवारची सकाळ होती. लेक बाबाजानची दाढी करत होती. शेजारच्या खोलीचं दार आतून बंद होतं आणि आत टीव्ही मोठ्याने चालू होता. मावशी कधी टीव्ही मोठ्याने लावत नसे. मी सगळं सांगितलं. इमारत पडणार, सर्व्हे, दोन्ही खोल्या जायची भीती. लेकीचा हात थांबला नाही. ती काळजीपूर्वक हनुवटीखालून वस्तरा फिरवत राहिली. झाल्यावर तिने त्यांचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं.

"कधी जायचं?" तिने विचारलं.

"सर्व्हेच्या आधी. म्हणजे ह्याच आठवड्यात."

"मावशीने सांगितलं?"

"तिच्या मुलाने."

"मावशीने सांगितलं?"

मी हो म्हटलं.

ती भिंतीकडे बघत होती, जिच्या पलीकडे टीव्ही चालू होता. मग उठली आणि दोरीवरचे कपडे काढू लागली.

नालासोपाऱ्याला एका येमेनी कुटुंबाच्या ओळखीने खोली मिळाली. चौथा मजला, लिफ्ट नाही. टेम्पो आला त्या दिवशी मावशी केंद्रात येऊन बसली होती, व्यायामाचा वार नसताना. चाळीतल्या दोन बायकांनी लेकीला सामान खाली न्यायला मदत केली. एकीने तिला जाताना लोणच्याची बरणी दिली. बाबाजानना खुर्चीसकट उतरवलं. टेम्पोत बसवताना ते मागे वळून वळून चाळीकडे बघत होते आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. लेक पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, तिने मागे पाहिलं नाही.

त्या चौथ्या मजल्यावरून बाबाजान परत खाली उतरले नाहीत. व्यायाम थांबला. लेकीचं हिंदमाताचं काम सुटलं, कारण त्यांना एकटं ठेवून दिवसभर जाणं शक्य नव्हतं. मॅडमनी तिकडे कोणी फिजिओथेरपिस्ट मिळतो का पाहिलं. एक जण दोनदा जाऊन आला आणि मग त्याला लांब पडायला लागलं. मी गेले तेव्हा त्यांची मूठ परत मिटलेली होती, आणि ते खिडकीकडे तोंड करून पडून होते. ते बोलतात का, असं मी विचारलं. लेक म्हणाली, "नाही. आता नाही."

पावसाळा संपता संपता त्यांना न्यूमोनिया झाला. तिथल्या दवाखान्यातून मोठ्या सरकारी दवाखान्यात, आणि तिथे दुसऱ्या दिवशी ते गेले. लेकीने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. ती विचारत होती, "आता काय करायचं असतं इथे?" मला माहीत नव्हतं. मॅडमनी दाखला मिळवला. व्हिसा संपलेल्या माणसाचं शव म्हणून पोलिसांचं काम वाढलं, आणि त्या वाट बघण्यात सगळा दिवस गेला. वस्तीतल्या मशिदीतले लोक आपणहून आले. त्यांनी आंघोळ घातली, कफन आणलं, खांदा दिला. त्यांच्यातला एकही जण बाबाजानना ओळखत नव्हता. लेक आणि मी खोलीवरच थांबलो. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून तिने वडिलांची कबर त्या दिवशी पाहिली नाही.

मावशीला मी सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "घास जाय होतो तेंचो?" शेवटी शेवटी ते खात होते का. मी म्हटलं, नाही. चार दिवसांनी ती केंद्रात आली ती डबा घेऊन. "माका घेऊन चल."

त्या गुडघ्यांनी ती चार मजले चढली. प्रत्येक मजल्यावर थांबत होती, कठड्याला धरून. मी डबा घ्यायला हात केला तर दिला नाही. दार वाजवलं. लेकीने उघडलं. मावशीला बघून तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मावशीने डबा पुढे केला. लेकीने तो घेतला, आत नेला. आम्ही दारातच उभ्या होतो. आतून भांड्यात काहीतरी ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा. तिने डबा धुऊन, पुसून, झाकण लावून परत आणला आणि मावशीच्या हातात दिला.

"गो चेडवा," मावशी म्हणाली. मुली.

लेक शुद्ध मराठीत म्हणाली, "मावशी, तुम्ही आता घरी जा. तुम्हाला उशीर होईल." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

खाली रिक्षात बसल्यावर मावशी रिकामा डबा मांडीवर घेऊन म्हणाली, "'तुम्ही' म्हटल्यान गो माका."

पुढचं थोडक्यात सांगते. माझी इंटर्नशिप संपली, रिपोर्ट दिला, चांगले मार्क मिळाले. मॅडमनी मला केंद्रातच नोकरीवर ठेवलं. लेक वर्षभराने दिल्लीला गेली. तिकडे तिच्या देशातली बरीच माणसं आहेत, आणि बाहेरच्या कुठल्या देशात जायचं झालं तर तिथूनच सोपं पडेल असं तिला कोणी सांगितलं होतं. जायच्या आधी ती केंद्रात मॅडमना भेटायला आली. मलाही भेटली, माझ्या हातावर हात ठेवून थोडा वेळ बसली. नवीन नंबर मिळाला की कळवते म्हणाली. तो आला नाही.

सर्व्हेचा निकाल लागला तेव्हा दिराची खोली अपात्र ठरली. पाहुण्यांमुळे नाही, त्यांचा तर उल्लेखही कुठे नव्हता. दीर वारल्यानंतर ती खोली मावशीच्या किंवा मुलाच्या नावावर कधी झालीच नव्हती, आणि इतकी वर्षं बंद होती, म्हणून. मुलगा ऑफिसात खूप भांडला. मी मावशीबरोबर गेले होते. तिथला माणूस समजुतीने सांगत होता, "काका गेल्यावर लगेच करायला हवं होतं. आता काही होत नाही." मावशीने मला हळूच विचारलं, "म्हणजे ती दोघा रवली असती तरी?" मी म्हटलं, हो मावशी. मुलगा अजून त्या माणसाशी वाद घालत होता.

मावशीची स्वतःची खोली पात्र ठरली. चाळ रिकामी झाली, पाडली. सध्या तिथे पत्रे लावलेत आणि आत पाणी साचलेला खड्डा आहे. काम वर्षभर बंद आहे, कोर्टात काहीतरी अडकलंय. मावशी बदलापूरला मुलाकडे असते, दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली उतरत नाही. केंद्रातल्या गुडघ्यांच्या व्यायामांची मी तिला फोनवर आठवण करून देते, ती करत नाही हे मला माहीत आहे. दर वेळी ती एकच विचारते, दिल्लीहून काही कळलं का. मी नाही म्हणते. मग ती सुनेने काय भाजी केलीय ते सांगते आणि फोन ठेवते.